कोड न चालवता त्यातली माहिती काढली, माझा अनुभव

आमचं ऑफिस महापेला. एका क्लायंटकडून पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या जुन्या प्रोजेक्ट्सचा ढीग आला होता, कुठल्याचं व्हर्जन काय आणि कुणाला कुठल्या लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) लागतात याची एक्सेल करून द्यायची होती. टीममधला ऐरोलीचा एक पोरगा म्हणाला, "सर, लूप लावून सगळं इम्पोर्ट करू, व्हर्जन प्रिंट करू, झालं." मी म्हटलं अजिबात नाही, कारण इम्पोर्ट केलं की फाइल नुसती वाचली जात नाही, वरपासून खालपर्यंत चालते, आणि सेटअप डॉट पाय, म्हणजे प्रोजेक्ट इन्स्टॉल करायची फाइल, तर सरळ प्रोग्रामच असतो, त्यात कोणी काहीही लिहून ठेवतं. त्याच ढिगातली एक फाइल उघडून दाखवली त्याला. कुठल्या फंक्शनमधे वगैरे नाही, थेट वरतीच फोल्डर उडवायची ओळ, आणि खाली डेटाबेसला कनेक्शन! "अरे, हे तुझ्या लॅपटॉपवर चाललं असतं तर?"

रेजेक्सही (मजकुरात ठरावीक नमुना शोधायची पद्धत) नको म्हटलं, कमेंटमधलं जुनं व्हर्जनसुद्धा तो उचलतो आणि चार ओळींवर पसरलेली लिस्ट अर्धीच हाती लागते.

पायथनमधेच एएसटी नावाचं मॉड्यूल आहे, वेगळं काही इन्स्टॉल करायला लागत नाही. त्याचं पार्स फंक्शन कोड वाचून त्याच्या रचनेचं झाड करून देतं, चालवत काहीच नाही. मग झाडात सेटअपचा कॉल शोधायचा, त्याचं इन्स्टॉल रिक्वायर्स हे आर्ग्युमेंट (लागणाऱ्या लायब्ररींची यादी) घ्यायचं आणि ते लिटरल इव्हॅलला द्यायचं. साधा इव्हॅल चुकूनही नाही हां, तो दिलेला कोड चालवतो! लिटरल इव्हॅल फक्त स्ट्रिंग, आकडे, लिस्ट, डिक्शनरी असलंच घेतं, फंक्शन कॉल दिसला की एरर देऊन थांबतं. फाइल बाइट्समधेच वाचून पार्सला दिली, म्हणजे वर एन्कोडिंगची (अक्षरं कशी साठवली ते सांगणारी) ओळ असेल तर पार्स ती स्वतः बघतं. पायथन 2 च्या फाइल्स मात्र प्रिंटला कंस नाही म्हणून सिंटॅक्स एरर देतात, त्यांची यादी वेगळी काढली. आणि खूप खोल नेस्टिंगची (एकात एक रचना असलेली) फाइल दिली तर पार्सरच क्रॅश होऊ शकतो, डॉक्युमेंटेशनमधेच तशी वॉर्निंग आहे, म्हणून प्रत्येक फाइल वेगळ्या प्रोसेसमधे, मेमरी आणि वेळेची मर्यादा घालून.

खरी वादावादी झाली ती रिकाम्या रकान्यांवरून. काही ठिकाणी लायब्ररींची यादी दुसरी टेक्स्ट फाइल उघडून तिथून घेतलेली, म्हणजे कोड चालल्याशिवाय ती तयारच होत नाही. मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "एवढ्या तरी चालवून बघा ना." मी म्हटलं मॅडम, अंदाजाने भरलेला रकाना आणि खरा रकाना एक्सेलमधे सारखाच दिसतो, त्यापेक्षा तिथे "हाताने बघणे" असं स्पष्ट लिहू. त्यांना पटलं. मग आम्ही दोघांनी त्या फाइल्स एडिटरमधे उघडून, शेजारची टेक्स्ट फाइल बघून, एकेक रकाना भरला. ज्या प्रोजेक्टमधे ती टेक्स्ट फाइलच आलेली नव्हती तो रकाना तसाच ठेवून क्लायंटकडे फाइल मागितली.