फ्रँकफर्टपासून पुढची गाडी एजंटाला काढू देऊ नका

नागपुरात आमच्या घरी वर्षभर राहून शिकून गेलेली, मला आजही आई म्हणणारी जर्मन लेक कधीची मागे लागली होती, माझ्या आईबाबांना भेटायला या म्हणून. ते ब्लॅक फॉरेस्टमध्ये टिटिझे तलावाच्या अलीकडच्या एका गावात राहतात. या मे महिन्यात आम्ही दोघं जाऊन आलो. ज्यांच्या घरी अशी मुलं राहून गेली आहेत त्यांनी जरूर जावं. पण फ्रँकफर्ट विमानतळ ते त्यांचं घर या टप्प्याबद्दल आम्हाला आधी कोणी खरं सांगितलं नाही, म्हणून हे लिहितेय.

सीताबर्डीवरच्या एका एजंटाने सगळी तिकिटं काढून दिली. "मॅडम, तिकडे ट्रेन म्हणजे आपली मेट्रो. तुमचं तिकीट कन्फर्म आहे, उतरा आणि बसा." विमान उतरल्यावर सव्वा तासाने सुटणारी गाडी त्याने दिली होती, तीही मानहाइमला बदलायची. आता शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, शिरताना आपल्या पासपोर्टवाल्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, ही पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्या रांगेतच आमचा तास गेला. मग बॅगा. मग कळलं की विमानतळाला दोन रेल्वे स्टेशनं आहेत, लोकल गाड्यांचं वेगळं आणि लांब पल्ल्याचं वेगळं. गाडी गेली.

खरा फटका पुढे. एजंटाने दिलेलं तिकीट सवलतीचं होतं. ते त्याच गाडीला बांधलेलं असतं, विमान उशिरा आलं किंवा रांगेत अडकलात तर त्याची किंमत शून्य. खिडकीवर त्या दिवसाच्या भावाने नवी तिकिटं घ्यावी लागली, आधीच्या तिपटीहून महाग. आणि एवढे पैसे मोजूनही जागा नाही! तिथे तिकीट म्हणजे फक्त गाडीत चढण्याचा हक्क. सीटचं आरक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे. आपल्या डोक्यात कन्फर्म म्हणजे बर्थ नंबरसकट कन्फर्म, आणि एजंटाने तो शब्द बिनदिक्कत वापरला होता.

सीटच्या वर छोटी पट्टी उजळलेली असते, त्यात कुठून कुठपर्यंत आरक्षण आहे ते येतं. आम्ही एका डब्यातून दुसऱ्यात, दोन मोठ्या बॅगा ओढत, प्रत्येक पट्टी वाचत गेलो. सगळीकडे स्टेशनांची नावं. मानहाइमपर्यंत उभे, तिथून कार्ल्सरुहेपर्यंत दाराजवळ बॅगेवर बसलेले. दार उघडलं की उठायचं, बॅग सरकवायची, पुन्हा बसायचं. रात्रभर झोप नाही, त्यात हे. त्यांच्या गावाजवळचं मोठं शहर फ्रायबुर्ग, तिथे उतरलो तेव्हा मी कोणाशी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

म्हणून स्पष्ट सांगते. गाडी बदलावी न लागणारी थेट फ्रायबुर्गची घ्या, साधारण दोन तास लागतात. विमान उतरणं आणि गाडी यात तीन तास ठेवा, किंवा कोणत्याही गाडीला चालणारं महाग तिकीट घ्या. सीट आरक्षणाचे थोडे युरो वाचवू नका. हे सगळं तिकडच्या कुटुंबाला करायला सांगा, त्यांना दहा मिनिटांचं काम आहे. सवलतीचं तिकीट असून रेल्वेच्याच उशिरामुळे पुढची गाडी चुकली आणि पोहोचायला २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर गाडीचं बंधन सुटतं. मग दुसरी गाडी बिनधास्त पकडा.

दुसरी लूट एटीएमवर. मशीन विचारतं, रुपयांत हिशोब करू का? ते बटण मोठं, ठळक, आणि नकाराचं कोपऱ्यात. हो म्हटलंत की शंभर युरोमागे हजार-बाराशे रुपये गेले. माझ्या नवऱ्याचा अंगठा बटणावर टेकलाच होता, मी हात ओढला. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो. प्रत्येक वेळी युरोच निवडा.

फ्रायबुर्गहून डोंगरात चढणारी छोटी गाडी मात्र सुरेख. पावणेतीनशे मीटर उंचीवरून साडेआठशेच्या वर नेते, बोगदे, दरी, पाऊण तासाच्या आत घर. टिटिझे, फेल्डबेर्गचा डोंगर, फ्रायबुर्गच्या मोठ्या चर्चचा ११६ मीटर उंच मनोरा, सगळं छान झालं. त्या दिवसांत काही अडलं नाही, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. एकच, तिथला प्रसिद्ध चेरी केक दारू घालूनच करतात. चालत नसेल त्यांनी आधीच सांगावं.

व्हिसासाठी: फी ९० युरो, विमा ३० हजार युरोंचा, अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो. खर्च यजमान करणार असतील तर त्यांना सरकारी कचेरीत जाऊन हमीपत्र करावं लागतं. स्वतःच्या खर्चाने जात असाल तर साधं निमंत्रण आणि आपलं बँक स्टेटमेंट. आम्ही दुसरा मार्ग घेतला.

भेटवस्तूंबद्दल शेजारीपाजारी वाट्टेल ते सांगतात. आंब्याची पेटी न्या, थंडीत जाल तर संत्री न्या. नेऊ नका. प्रमाणपत्राशिवाय युरोपात केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढीच फळं चालतात. दुधाचे पदार्थही बंद, म्हणजे पेढे आणि तूप घरीच ठेवा. आम्ही जाडे पोहे, चणे आणि सावजी मसाला नेला. रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, म्हणून कांदे-टोमॅटो शनिवारीच आणून ठेवले आणि सकाळी तर्री पोहे केले. लेक रश्श्याची दुसरी वाटी मागत होती, तिचे बाबा घाम पुसत पुसत खात होते, आणि तिची आई माझ्या शेजारी उभी राहून फोडणीचं एकेक प्रमाण वहीत उतरवून घेत होती. मसाला नेहमीच्या निम्मा घाला.