‘४८ व्होल्ट’ म्हणजे नेमके किती? घरच्या ई-सायकलसाठी एकसारखा पॅक, आतापर्यंत ठरलेलं

पॅकवर ‘४८ व्होल्ट’ लिहिलंय म्हणून चार्जर जुळेलच असं नाही. सिरीजमध्ये (एकापुढे एक) १३ सेल जोडलेला एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) पॅक ४८ चा म्हणून विकला जातो आणि १६ सेलांचा एलएफपीही (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) ४८ चाच. पहिला ५४.६ व्होल्टला पूर्ण भरतो, दुसरा ५८.४ ला. दोन्ही चार्जरांना बहुतेक वेळा तीच गोल काळी पिन असते. एलएफपीचा चार्जर एनएमसी पॅकला लागला, तर एकेक सेल ४.४९ व्होल्टकडे ढकलला जातो. त्याची मर्यादा ४.२ आहे. मध्ये आडवा येतो तो फक्त बीएमएस, म्हणजे पॅकचं संरक्षण करणारं सर्किट, आणि त्यातला मॉस्फेट (प्रवाह तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जळून शॉर्ट झालेला असेल तर तोही येत नाही. म्हणून घरी जोडायच्या पॅकच्या या मानकाची सुरुवात आकारापासून न करता प्लगपासून केली आहे. चुकीचा चार्जर बसताच कामा नये.

होंडा, यामाहा, केटीएम आणि पिआजिओ २०२१ मध्ये अदलाबदलीच्या बॅटरीसाठी एकत्र आल्या. आपल्याकडे हलक्या ईव्हीच्या चार्जिंग कनेक्टरचं भारतीय मानक २०२३ मध्ये आलं. किट आणून घरी जोडलेल्या सायकलला यातलं काहीच सरळ लागू पडत नाही, तेव्हा हे आपणच ठरवायला हवं.

ठरलेला पॅक असा: १३एस-४पी (चार-चार सेल समांतर, असे १३ गट सिरीजमध्ये), १८६५० आकाराचे २६०० एमएएचचे ५२ सेल. म्हणजे १०.४ एएच (अँपिअर-तास), साधारण ४८७ वॉट-तास, नुसत्या सेलांचं वजन अडीच किलोच्या आत. २५० वॉटच्या हब मोटरला (चाकातल्या मोटरला) १५ अँपिअरचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज देणारं सर्किट, धरला तर एका सेलवर ३.७५ अँपिअर येतात. त्यामुळे डेटाशीटवर सतत ५ अँपिअर लिहिलेला सेल घ्या. समांतर जोडण्याआधी चारही सेलांच्या व्होल्टेजमधला फरक ०.०५ च्या आत आणा.

कंट्रोलरकडे जाणारा कनेक्टर एक्सटी९०-एस. साधा एक्सटी६० करंट सहज पेलतो, पण कंट्रोलरचे कपॅसिटर भरताना दर वेळी ठिणगी पडते आणि पिनेला खड्डे पडतात. ‘एस’मध्ये आत रेझिस्टर असतो, हिरव्या कड्याच्या अर्ध्या भागात. तो अर्धा पॅककडे, उघड्या पिना कंट्रोलरकडे. उलट केलं तर ५४ व्होल्टच्या जिवंत पिना हवेत लोंबतील. फ्यूज ३० अँपिअरचा. गाडीतले साधे पात्याचे फ्यूज बहुतेक ३२ व्होल्टचे असतात, इथे ते तुटले तरी आर्क, म्हणजे ठिणगीतून वाहणारा प्रवाह, चालू राहू शकतो. रेटिंग ५८ व्होल्ट किंवा वर हवं.

चार्जिंगला जीएक्स१६ हा गोल, धातूचा कनेक्टर: १३एससाठी ३ पिनी, १६एस एलएफपीसाठी ४ पिनी. एकात दुसरा जातच नाही. पॅनेलवरच्या सॉकेटच्या पिना उघड्या असतात, म्हणून चार्जिंगच्या तारेत ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज आणि वर साखळीचं टोपण सक्तीचं.

आता बॅलन्स तारा, म्हणजे प्रत्येक गटाचं व्होल्टेज बीएमएसला कळवणाऱ्या बारीक तारा, कारण बीएमएस बदलताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. प्लग तोच, पण वायरिंगचा क्रम प्रत्येक बनावटीचा वेगळा. जुन्या तारांवर नवा बीएमएस तसाच खुपसला की पहिल्याच सेकंदाला धूर. बीएमएसला प्लग लावण्याआधी मल्टिमीटरचं काळं टोक पॅकच्या बी-मायनसवर (मुख्य ऋण टोकावर) धरा आणि लाल टोक एकेका पिनेवरून पुढे न्या. ० नंतर ३.६, ७.२, १०.८ असं चढत शेवटी ४६.८ च्या आसपास आलं पाहिजे. एखादी पायरी सुटली किंवा दोनदा आली तर थांबा. मानकात १४ तारा, पहिली काळी, शेवटची लाल. बीएमएसचा क्रम वेगळा असेल तर प्लग कापून नव्याने लावायचा.

सेल एकमेकांना जोडणारी निकेल पट्टी ०.१५ x ८ मिमी, शुद्ध निकेलची. निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड सर्रास तेच म्हणून मिळतं. पट्टी खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, गंज दिसला तर परत करा. सिरीजची जोडणी चारही सेलांमधून हवी. ती एकाच टोकाला केली तर पूर्ण १५ अँपिअर एका पट्टीतून जातात आणि ती तापते. प्रत्येक धन टोकावर बार्ली पेपरची (वीजरोधक कागदाची) चकती हवीच, कारण सेलचा उरलेला डबा ऋण असतो आणि मध्ये फक्त पातळ वेष्टन.

एकसारखा कनेक्टर आला की दोन पॅक समांतर लावायचा मोह होणारच. एका पॅकचा अंतर्गत रोध ०.१३ ओहम धरा. एक भरलेला आणि दुसऱ्यात १० व्होल्ट कमी असतील तर जोडताक्षणी जवळपास ३८ अँपिअर उतरलेल्या पॅकमध्ये घुसतात. म्हणून वाय-केबल (दोन पॅक एकत्र जोडणारी तार) मानकात ठेवलेली नाही.

लेबलवर सेलचा प्रकार, एसची संख्या, पूर्ण भरल्यावरचं व्होल्टेज आणि जोडणीचा महिना. चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असल्याने विदर्भातल्या उन्हाळ्यात सायकल उन्हातून आणल्या आणल्या प्लग लावू नका. कोकणातल्या पावसासाठी तारांची तोंडं खालीच काढा.

पॅक फ्रेमवर कसा बसवायचा, हे अजून अडलेलं आहे. बाटलीच्या स्टँडची भोकं ६४ मिमी अंतरावर, एम५ बोल्टची. फ्रेमवर एवढीच गोष्ट सगळीकडे सारखी मिळते. पण बऱ्याच साध्या सायकलींना ती भोकंच नसतात, आणि केससकट तीन किलोच्या वर जाणारा पॅक खड्ड्यांच्या रस्त्यावर दोन एम५ बोल्टांवर सोडणं धोक्याचं आहे. तूर्तास अॅल्युमिनियमची पट्टी, भोकं असतील तर दोन बोल्ट आणि दोन्ही टोकांना रबर लावलेले क्लॅम्प.