कडेवर कोरलेला नंबर

बाबांच्या कपाटात निळ्या मखमलीच्या डबीत सात पदके आहेत. त्यांत एकही शौर्यपदक नाही, आणि घरी येणारा पाहुणा नेमके तेच विचारतो : "हे कशाबद्दल मिळालं?" बाबा बावीस वर्षे मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि २००१ मध्ये हवालदार म्हणून पेन्शनीला आले, पण या प्रश्नाला त्यांचे उत्तर एवढेच असते, "तिथं होतो म्हणून मिळालं." पाहुण्याचा उत्साह मावळतो आणि डबी पुन्हा कपाटात जाते. हे उत्तर मला पूर्वी नुसता विनय वाटे. अलीकडे मात्र ते शब्दशः खरे असल्याचे लक्षात आले आहे.

आपल्याकडे पदक म्हटले की लोकांना परमवीरचक्रच आठवते, आणि त्यात गैर काही नाही. २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झालेल्या आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांना लागू केलेल्या या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकरांची. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, खानोलकरांच्या घरात सून म्हणून आलेल्या आणि आपल्या पुराणांचा मनापासून अभ्यास केलेल्या या बाईंनी दधीचीच्या अस्थींपासून घडलेले इंद्राचे वज्र चार बाजूंना कोरले. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे, तेही कांस्याचे : देशातल्या सर्वोच्च युद्धपदकात सोने नाही, हे मला फार योग्य वाटते. पहिले परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले, आणि ते सावित्रीबाईंच्याच मुलीचे थोरले दीर होते. कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे हे परमवीरचक्र जिवंतपणी मिळालेले पहिले मानकरी. बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता पथकातल्या या सेकंड लेफ्टनंटने एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर, जखमी असूनही, रणगाड्याखालून सरपटत आणि चालकाला दोरीने इशारे देत सुरुंगांमधून रस्ता मोकळा केला. अशा माणसाला "कशाबद्दल?" असे विचारता येते, कारण तिथे सांगण्यासारखी एक ठरावीक घटना असते.

सेवापदकाजवळ अशी घटना नसते. ते फक्त हजेरीची नोंद करते. बाबांच्या डबीतले एक पदक नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे आहे, दुसरे वीस वर्षांच्या, एक स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे आणि एक १९९९ च्या ऑपरेशन विजयचे, म्हणजे कारगिल युद्धाचे. सैन्य सेवा पदकाच्या फितीवर धातूची बारीक पट्टी आहे आणि तिच्यावर 'हिमालय' असे लिहिले आहे. त्या एका शब्दात माझ्या लहानपणातल्या किती दिवाळ्या बाबांशिवाय गेल्या त्याचा हिशेब आहे, पण तो पाहुण्याला कसा वाचता येणार?

तो वाचता येणारा माणूस मला गेल्या पंधरा ऑगस्टला दिसला. गावच्या शाळेत झेंडावंदनाला बाबा पदके लावून उभे होते. शेजारच्या गावाहून आलेले एक वयस्क सुभेदार जवळ आले, त्यांनी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहण्याआधी छातीकडे पाहिले, डावीकडून उजवीकडे नजर फिरवली आणि विचारले, "ग्लेशियरला कुठल्या साली होता?" नाव नाही, गाव नाही, थेट सियाचीन. पुढची वीस मिनिटे ते दोघे चौकीवरच्या रॉकेलच्या शेगडीबद्दल आणि बोटे काळी पडण्याबद्दल बोलत होते. आईला आणि मला बाबांनी त्यातले अवाक्षर कधी सांगितले नव्हते.

आता एक तक्रारही लिहून ठेवतो. बाबांची काही पदके त्यांना वेळेवर मिळालीच नाहीत. हक्क मंजूर झाला, कागदावर नोंद झाली, पण प्रत्यक्ष धातू हातात येईना. म्हणून परेडला लावण्यासाठी त्यांनी, इतर अनेक जवानांप्रमाणे, छावणीजवळच्या दुकानातून प्रती विकत घेतल्या. आपल्याच पदकाची किंमत विचारून ते पिशवीतून घरी आणायचे, याहून ओशाळवाणे काय असेल? खऱ्या पदकाच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. विकतच्या पदकाची कड गुळगुळीत असते. वेळेवर न मिळालेली दोन खरी पदके पेन्शनीनंतर कित्येक वर्षांनी टपालाने आली, तीसुद्धा जुन्या पत्त्यावर. ज्या दिवशी ती आली त्या दिवशी बाबांनी चष्मा पुसून कडेवरचे अक्षर न् अक्षर वाचले, आडनावाचे स्पेलिंग तपासले आणि मगच चहा घेतला. दुकानातल्या प्रती त्यांनी टाकल्या नाहीत. त्या वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत.

गेल्या महिन्यात फिती फारच विटल्या म्हणून मी सातही पदके पुण्यात कॅम्पमधल्या एका कारागिराकडे नव्या फितींवर बसवायला दिली. काम सुबक झाले होते, रंग उठून दिसत होते, आणि बाबा खूश होतील अशी माझी खात्री होती. त्यांनी फितींकडे पाहिलेही नाही. पदके बसवलेली पट्टी उलटी केली आणि एकेका पदकाच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवत, पुटपुटत सात वेळा आपला नंबर वाचला.