खिळा मारायचा नाही

रविवारी दुपारी अडीच वाजता वरच्या कुठल्यातरी मजल्यावर ड्रिल सुरू झालं. आमच्या बिल्डिंगमध्ये ड्रिलचा आवाज नेमका कुठून येतोय ते कधीच कळत नाही. अकराव्या मजल्यावर भोक पाडलं तरी तिसऱ्यावरच्या माणसाच्या दाढा हलतात. मिनिटभरात व्हॉट्सॲप ग्रुप जागा झाला. "कोण करतंय?" "दुपारी एक ते चार बंदी आहे." "सर्क्युलर वाचत जा." "बाळ आत्ता कुठे झोपलं होतं." सहाशे एकचे म्हणाले, आमच्याकडे नाही. सातशे तीनच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे तर मुळीच नाही, आम्ही महाबळेश्वरला आहोत. ड्रिलवाला काही बोलला नाही. त्याचे दोन्ही हात गुंतलेले असणार. शेवटी वॉचमनला एकेक मजला चढायला लावला आणि आवाज थांबला.

मला त्या माणसाची दया आली. नवीनच राहायला आला असणार. चावी हातात आली, गृहप्रवेश झाला, सत्यनारायण झाला, पाहुणे गेले, की माणूस कमरेवर हात ठेवून कोऱ्या भिंतीकडे बघतो आणि त्याला वाटतं, इथे काहीतरी लावू या. त्या क्षणी घड्याळ कोण बघतो?

माझं लहानपण दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. बाबा मालगाडीवर गार्ड. घराबद्दल त्यांचा एकच नियम होता: खिळा मारायचा नाही. घर सरकारचं आहे. आज आहे, उद्या बदली. भिंतीला भोक पाडून जायचं आणि पुढच्याने आपल्याला नावं ठेवायची, हे त्यांना चालणारं नव्हतं. शेजारच्या क्वार्टरमध्ये लोकांनी खुशाल फळ्या मारल्या होत्या, पुढे पत्र्याची शेड काढली होती, एकाने तर कोंबड्यांचं खुराडं बांधलं होतं. कुणी काही म्हणत नसे. पण बाबांची सरकारवर निष्ठा होती, आणि सरकार आमच्या भिंतीत राहत होतं.

त्यामुळे आमचं सगळं घर आधीच्यांच्या खिळ्यांवर चाललं. आमच्या आधी तिथे कोण राहत होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं, पण त्यांचे खिळे पाठ होते. स्वयंपाकघरातला खिळा इतका उंच होता, की त्या घरात कुणीतरी ताडमाड बाई असणार असं आई म्हणायची. कॅलेंडर तिथेच लागायचं. दुधाचा खाडा लिहायचा तर आई स्टुलावर चढायची, कानामागे पेन्सिल, एका हाताने कॅलेंडर दाबून धरलेलं, आणि खालून दूधवाला, "वहिनी, मंगळवारी आलो होतो हां मी." दुसरा खिळा दाराशेजारी जमिनीपासून हातभर उंचीवर. तो कशासाठी मारला असेल यावर आमच्याकडे जेवताना चर्चा व्हायची. मी त्याला दप्तर अडकवायचो. तिसरा भिंतीच्या बरोबर मध्यभागी, जिथे कुठलीच वस्तू शोभणार नाही अशा ठिकाणी. त्यावर बाबांची शिट्टी असायची.

आजी-आजोबांच्या फोटोच्या वाट्याला मात्र खिळा आला नाही. तो ट्रंकेवर, भिंतीला टेकवून ठेवलेला. क्वार्टर लाइनीला लागून असल्यामुळे मोठी मालगाडी गेली, की फोटो हळूहळू पुढे सरकायचा. दिवसातून एकदोनदा आजी-आजोबांना मागे ढकलणं हे माझं काम. "आपलं घर झालं की लावू," आई म्हणायची. आई ज्या-ज्या गोष्टी आपलं घर झाल्यावर करणार होती त्यांची यादी मोठी होती, पण तिची सुरुवात खिळ्यापासून होती.

रिटायर झाल्यावर रेल्वे नेहमीच्या भाड्यात चार महिने क्वार्टर ठेवू देते. त्यानंतर भाडं वाढतं, आणि घर सोडल्याशिवाय ग्रॅच्युइटी पूर्ण हातात पडत नाही. बाबांनी चार महिनेही घेतले नाहीत. पुढे पिंपरीत भाड्याची घरं. तिथल्या घरमालकांनी करारातच लिहून घेतलं होतं, की भिंतींना खिळे मारू नयेत. बाबांना घरमालक फार आवडले.

आम्ही फ्लॅट घेतला तो वाकडला. वाकड म्हणजे १९९७ पर्यंत ग्रामपंचायत, मग पिंपरी-चिंचवड महापालिका, आणि पलीकडच्या हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिल्यावर जे काही झालं ते. आम्ही सोसायटीवाले स्वतःला वाकडचे म्हणवतो, पण तसं म्हणायला जीभ जरा कचरते. चैत्री पौर्णिमेला गावदेव म्हातोबाच्या यात्रेचं बगाड हिंजवडीहून वाकडला येतं तेव्हा तर फारच. कंपनीच्या बसेस खोळंबतात, मॅपवर लाल रेघा उमटतात, आणि बसमधला कुणी आयडी कार्डाची दोरी बोटाला गुंडाळत विचारतो, आज काय आहे? बाहेर हजारो माणसांना माहीत असतं आज काय आहे. गुलालाने माखलेला एखादा म्हातारा बसच्या काचेतून आमच्याकडे बघतो. परगावच्या पाहुण्याकडे बघावं तसं, रागाने नव्हे.

असो. फ्लॅट बायकोच्या नावावर आहे. त्यात भावना वगैरे काही नाही. २०२१ पासून बाईच्या एकटीच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि त्या एक टक्क्यात आमचं मॉड्युलर किचन अर्धं बसत होतं. इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, तिचं नाव, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव, हप्ता माझ्या खात्यातून. हे सर्टिफिकेट एकदा सगळ्यांनी नीट वाचावं. ५० रुपयांचा एक असे १० शेअर, एकूण ५०० रुपये. ज्याचे हप्ते माझ्या साठीपर्यंत चालणार आहेत त्या प्रकरणाची सोसायटीच्या कागदावरची किंमत ५०० रुपये. हा कागद मला फार आवडतो. फ्रेम करून लावावा असं वाटतं.

लावावा, पण कसा? राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हातोडी आणि खिळ्यांचा पुडा घेऊन आजी-आजोबांना मुहूर्ताने भिंतीवर चढवायला गेलो. खिळा वाकला. दुसरा उडून फ्रिजखाली गेला. दत्त मंदिर रोडवरच्या हार्डवेअरवाल्याने मान वर न करता विचारलं, "मायवान आहे का?" मला वाटलं बिल्डरचं नाव विचारतोय. मग त्याने समजावलं. हल्ली विटा रचत नाहीत. ॲल्युमिनियमचे साचे लावतात आणि भिंती, स्लॅब सगळं एकदम काँक्रीटने ओततात. काम झपाट्याने होतं, प्लास्टरचीही फारशी गरज नाही. "खिळा विसरा साहेब. ड्रिल लागेल, बिट लागेल, प्लग लागेल, स्क्रू लागेल." दौंडची ती भिंत खिळ्यासाठी तीस वर्षं तयार होती आणि आम्हाला मनाई होती. ही भिंत आमची, तर तिने स्वतःच मनाई केली.

आमच्या विंगचं ड्रिल नऊशे चारच्या काकांकडे आहे. ते पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. मशीन मागितलं, की म्हणतात, "मशीन मिळणार नाही. मी येतो." येतात ते लेव्हल, पेन्सिल आणि जुनी पोस्टकार्डं घेऊन. भोकाखाली पोस्टकार्ड घडी करून चिकटपट्टीने लावायचं, सगळी भुकटी त्यात पडते. केराचा एक कण जमिनीवर नाही. बायको त्या पोस्टकार्डावरच खूश झाली. काकांनी विंगमधलं जवळजवळ प्रत्येक घर आतून पाहिलंय, तेही भिंतींच्या बाजूने. टीव्ही, वॉटर प्युरिफायर, देवघराचा कट्टा आणि सात पांढरे घोडे. "या बिल्डिंगमध्ये मी निदान सत्तर घोडे टांगलेत," काका म्हणाले. घोड्यांची तोंडं घराच्या आत हवीत, दाराकडे असली तर लक्ष्मी पळते, त्यामुळे एका घरी लावलेले घोडे सासूबाई आल्यावर उतरवून समोरच्या भिंतीवर न्यावे लागले. जुनी भोकं बुजवायला पांढरा सिमेंटही काकांचाच.

खरं सांगायचं तर विंगमध्ये माझी ज्यांच्याशी ओळख आहे ती बहुतेक काकांमुळे. लिफ्टमध्ये आम्ही सगळे मजल्याचे आकडे बघत उभे असतो. पण "काका आत्ता पाचशे दोनमध्ये आहेत, तिथून तुमच्याकडे येतील" असा निरोप घेऊन पाचशे दोनचा मुलगा आला, की त्याला लाडू द्यावा लागतो, मग डबा परत येतो तो रिकामा येत नाही. एवढ्यावर आमचं चाललंय. पार्किंगवरून दोन वर्षं न बोलणारे दोघेजण काकांच्या ड्रिलला एक्स्टेन्शन वायर कुणाची यावरून बोलते झाले. पुन्हा भांडले ते सोडा.

फोटोच्या दिवशी बाबा आमच्याकडे होते. आता वय ऐंशीच्या पुढे. काकांनी पेन्सिलची खूण केली तसे खुर्चीतून म्हणाले, "परवानगी घेतलीस का?"

मी हसलो. "बाबा, घर आपलं आहे."

"ते ठीक आहे. परवानगी घेतलीस का?"

काका वळले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, की अर्ज भरून दिलाय, डिपॉझिट भरलंय, कामाची वेळ चार ते सात आहे, भिंतीत झिरी पाडायची नाही, ड्रिल फक्त वरवरचं आणि सळईला लागलं तर थांबायचं. बाबांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी त्यांना बोलण्यासारखा माणूस भेटला. "आणि मालकीण?" त्यांनी विचारलं. आतून बायको म्हणाली, "दोन इंच डावीकडे घ्या." फोटो लागला. सोसायटीतून मालगाड्या जात नाहीत, तो आता हलत नाही. बाबा मात्र जाता-येता फ्रेमच्या खालच्या कडेला बोट लावून बघतात.

मध्यंतरी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आम्हाला बाथरूममध्ये एक कप्पा लावायचा होता. म्हणून प्लंबरला बोलावलं. चाळिशीचा, पवनानगरकडचा माणूस. त्याने ड्रिल हातात घेण्याआधी भिंतीला कान लावला, बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "पाण्याची लाइन कुठनं गेलीय? नकाशा हाय का?" नकाशा कुठला असायला? मग त्यानेच नळाच्या अंदाजाने एक उभी रेघ मारली, म्हणाला, हिच्या आसपास कधी हात लावू नका.

"पाणी येतंय का रोज?"

दिवसाआड, मी म्हणालो. नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआडच आहे. बाकी टँकर. टँकरच्या बिलाचं सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण तो हसला. "आमचंच पाणी की वो."

मग बिट बदलता बदलता तो बोलत राहिला. पवना धरण १९७२ साली पुरं झालं. त्याच्या आजोबांची जमीन पाण्याखाली गेली, घरही गेलं. काहींना बदली जमीन मिळाली, काहींना नाही. यांचं नाव नाही-वाल्यांत. आजोबांनी फाइल वडिलांना दिली, वडिलांनी याला. "आज्याला कुनी इचारलं नव्हतं," तो म्हणाला, तक्रारीच्या सुरात नाही, माहिती दिल्यासारखं. पुढे धरणातून शहराला बंद पाइपलाइन न्यायचं ठरलं तेव्हा ९ ऑगस्ट २०११ ला मावळातली माणसं द्रुतगती मार्गावर उतरली आणि बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्या दिवसाची माझी आठवण एवढीच, की एक्सप्रेस वे बंद होता आणि आमची मुंबईची मीटिंग रद्द झाली. ती मी त्याला सांगितली नाही.

कप्पा पक्का बसला. भोकं चार, पैसे दोनशे. जाताना त्याने झाडू मागितला. पोस्टकार्डाची आयडिया मी त्याला सांगितली, ती त्याला आवडली.

काल सहाशे एकचे कागद घेऊन आले होते. रोज पाणी मिळावं म्हणून सगळ्या सोसायट्या मिळून महापालिकेवर मोर्चा नेणार आहेत, सह्या गोळा करतायत. कागदावर ठळक अक्षरांत छापलंय: "पाणी आमच्या हक्काचं." मी पेन उघडलं, तर ते म्हणाले, "तुमची नको. सही मालकाची लागते."

मी कागद बायकोकडे दिला.