मे महिन्यात वैतरणेवर गळ टाकायचा बेत

नाशिकमध्ये पारा चाळिशीला टेकला की आमच्या ग्रुपवर 'पाण्यावर कुठंतरी जाऊ' सुरू होतं. यंदा गळ घेऊनच जायचं ठरलं आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. निम्मे भंडारदऱ्याचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मेअखेरीला तिथं काजवे, समोर कळसूबाई, वर आर्थर लेकचा, म्हणजे भंडारदरा धरणाच्या तलावाचा, वारा. पण रतनवाडीकडचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकून बसायचं म्हणजे वनखात्याच्या हातात आयतं सापडायचं. शिवाय काजव्यांच्या दिवसांत शनिवारी भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावाच्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, ती बघून माझी भूकही मरते. मी वैतरणेचं नाव पुढं केलं.

अप्पर वैतरणा मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी एक, पण आहे आपल्या इगतपुरी तालुक्यात. वैतरणा आणि आळवंडी या दोन नद्यांवर दोन धरणं बांधली आणि पाणी मात्र एकच झालं. गंमत अशी की त्र्यंबकच्या डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो आणि दुसऱ्या अंगाचा वैतरणेतून अरबी समुद्राला. नाशिककर पाण्यावरून एवढे भांडतात, पण हे पाणी कधीच हातचं गेलंय.

मुंबईचा तलाव असल्याचा गळवाल्यांना एक फायदा आहे. मुंबई महापालिका रोज सकाळच्या पातळीचा तक्ता जाहीर करते. अप्पर वैतरणा 603.51 मीटरला पूर्ण भरतो. मे महिन्यात पातळी त्याच्या कितीतरी खाली असते, आणि नेमकी किती खाली यावरच आमचा सगळा बेत. पाणी फार ओसरलं की मासे नदीच्या जुन्या पात्रातल्या खोल पाण्यात गोळा होतात, पण तिथवर पोचायला गाळ तुडवावा लागतो. थोडं जास्त असलं तर काठ कडक मिळतो आणि मासा पांगलेला असतो. महिनाभर मी तो तक्ता कांद्याच्या भावासारखा बघत होतो.

दुसरं काम परवानगीचं. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. बोटुकली, म्हणजे बोटभर माशांची पिल्लं, तेच विकत आणून सोडतात, त्यामुळं 'सरकारी पाणी आहे, कोण विचारतंय' असं म्हणून बसणं मला पटत नाही. ओळखीतून तिथल्या एका मामांचा नंबर मिळाला.

"मामा, गळ टाकला तर चालेल ना?"

"गळाचं काय नाय भाऊ. जाळं नका आणू, आन बारकं लागलं तर पाण्यात सोडा. लांब राहा फक्त, आमची जाळी टाकलेली असत्यात."

तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), वजनाला शिसं आणि निरनिराळ्या नंबरचे गळ नाशिकच्या भद्रकालीतून घेतले. आमिषावर मात्र आमच्यात धर्मयुद्ध झालं. माझा विश्वास शेंगदाण्याच्या पेंडीवर. पेंड कुटून कणकेत मिसळायची, थोडा गूळ, चमचाभर बेसन, आणि ओल्या फडक्यात रात्रभर ठेवायची. सकाळी गोळा बोटाला चिकटत नाही, पण दाबला तर फुटतही नाही. आंबूस वास आला की झालं. पाण्यात तो सावकाश विरघळतो आणि गंध पसरत जातो. खोली ठरवायला एवढं लक्षात ठेवायचं: कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तरंगा (दोरीला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी काडी) आणि गळ यांच्यातलं अंतर त्यावरून. मरळीसाठी मात्र गांडूळ किंवा बेडूक, आणि तेही काठच्या गवताशी, कारण ती हवा घ्यायला वर येते.

निघायचं पहाटे चारला. 'मिसळ खाऊन निघू' हा प्रस्ताव मी तिथंच मोडून काढला. नाशिककराचा कुठलाही प्रवास मिसळीपाशी अडतो आणि मासा दहापर्यंत वाट बघत नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो खोल जातो. उथळात चरायला येतो तो उजाडता आणि मावळता.

त्र्यंबक ओलांडून पहिन्याचा रस्ता धरला तेव्हा अंजनेरी नुसती काळी दिसत होती. पावसाळ्यात इथं धबधब्यांसाठी झुंबड उडते, मेमध्ये मात्र करपलेलं गवत आणि मोहाची झाडं. तलावापाशी पोचलो तर पाण्याआधी बरीच रुंद उघडी जमीन. वरचा गाळ भेगाळून ढेकळं झालेली, पुढं पाण्याजवळ मात्र तोच गाळ लोण्यासारखा. बांबूनं टोचत टोचत पुढं जायचं. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातल्या धरणांवर बुडण्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्यामुळं पोहायला कुणी उतरायचं नाही हे आधीच ठरलं होतं.

वारा पश्चिमेचा होता. वारा ज्या काठाकडं वाहतो तिकडं तरंगणारं खाद्य जमा होतं, म्हणून आम्ही पूर्वेच्या अंगाला बसलो. गळ वाऱ्याविरुद्ध फेकावा लागतो आणि खांदे बोलायला लागतात. बराच वेळ काही नाही. मग मोरपिसाच्या काडीचा तरंगा आधी नुसता थरथरला, आडवा झाला, आणि सरळ तिरका पाण्यात ओढला गेला. थरथरतो तेव्हा खेचायचं नसतं, आडवा झाला तरी नाही. मित्रानं दोन्ही वेळा 'खेच, खेच' म्हणून कान किटवले. मी थांबलो, आणि दोन किलोच्या आसपासचा रोहू काठावर आला. बाकी सगळ्या चिलापी, म्हणजे तिलापिया. ही जात भारतात 1952 मध्ये आणली गेली आणि आता कुठल्याही धरणात गळ टाका, पहिला मान तिचाच.

दुपारी मामांच्या घरी काळ्या मसाल्यातलं कालवण, नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. चिलापीला नाक मुरडणाऱ्यांनी तीच दोनदा मागून घेतली.

संध्याकाळचा डाव झालाच नाही. त्रिंगलवाडीच्या बाजूनं ढग उठले, गडगडाट झाला आणि आम्ही सामान आवरलं. वळवाच्या विजांमध्ये उघड्या काठावर हातात कार्बनची काठी धरून बसणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. येताना घोटीला थांबून इंद्रायणी तांदूळ घेतला.

निघताना मामा म्हणाले, "पहिल्या पावसात या, चढणीचं मासं ओढ्यात हातानं गावत्यात." मी जाणार नाही. तेव्हा मादी अंड्यांनी भरलेली असते, आणि ती अंडी घालायला वर निघालेली असते. मामांशी वाद घातला नाही, त्यांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची पावसाळ्यातली भाजी आहे. माझं पोट त्यावर चालत नाही, एवढाच फरक.