पाच नंबरचा रंधा: गंज उतरला, आता राखण

रंध्याची बिडाची (ओतीव लोखंडाची) बैठक, म्हणजे मुख्य सांगाडा, सोड्याच्या पाण्यातून बाहेर आली. चौदा इंची, पाच नंबरचा लोखंडी रंधा, जुन्या बाजारातला. तळावर तांबूस खवले सुटले होते, आतला एकही स्क्रू हलत नव्हता.

उघडायलाच सगळ्यात जास्त धीर लागला. पेनिट्रेटिंग ऑइल घालून रात्रभर ठेवायचं, खाचेत गच्च बसेल असाच पेचकस घ्यायचा, त्याच्या मुठीवर हातोडीचे हलके ठोके द्यायचे आणि मगच फिरवायचं. पात्याची खोली ठरवणाऱ्या पितळी चाकाचे आटे उलटे असतात. ते जाम झालं म्हणून जोर लावण्याआधी दिशा तपासा, नाहीतर पितळच सोलून निघतं.

बैठकीसाठी मी विद्युत पद्धत निवडली. आम्ल गंजासोबत चांगलं बीडही खातं, या पद्धतीत शाबूत धातूला धक्का लागत नाही. प्लास्टिकचा टब, लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा जुन्या धाटणीचा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह रंध्याला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडाच्या टाकाऊ पट्टीला. पट्टी स्टेनलेस स्टीलची मुळीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. जस्ताचा मुलामा असलेली पट्टीही नको आणि पाण्यात मीठही नको. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून टब गॅलरीतच ठेवला. हात घालण्याआधी चार्जर बंद. पट्टीच्या समोर जो भाग येतो तिथलाच गंज भराभर सुटतो, त्यामुळे बैठक मधून मधून फिरवावी लागते.

छोटे स्क्रू मात्र लिंबूसताच्या पाण्यात टाकले, लिटरला पन्नास ग्रॅम. नंतर सोड्याच्या पाण्यातून खळबळून घेतले. पातं या दोन्हींपासून लांब ठेवलंय. कडक पोलादात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होऊ शकतं, म्हणून त्याच्यासाठी तेल, ब्लेडने खरवडणं आणि पॉलिश पेपर.

आता राखण. गंज काढण्यापेक्षा मला हीच अवघड वाटते, कारण आमच्याकडे, कोकण किनाऱ्यावर, पावसाळ्यात हवा सतत दमट आणि वर खारी. साधारण साठ टक्क्यांच्या पुढे आर्द्रता गेली की उघडं लोखंड झपाट्याने गंजू लागतं, आणि मिठाचे कण त्याच्याही खालच्या आर्द्रतेत ओल धरून ठेवतात. नुकतंच उघडं पडलेलं बीड तर ओलं राहिलं की बघता बघता पिवळसर होतं. बैठक बाहेर काढताच काळा थर तारेच्या ब्रशने घासला, गरम पाण्याने धुतली, हेअर ड्रायरने खाचाखोचा सुकवल्या आणि बीड कोमट असतानाच तेल लावलं.

आतल्या खडबडीत भागावर, तेल पुसून काढल्यावर, रेड ऑक्साइड आणि त्यावर काळा इनॅमल. तळावर रंग चालत नाही, तिथे मेण. मधमाशीचं मेण गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून, आच पूर्ण बंद केल्यावर त्यात टर्पेंटाइन मिसळलं. मेणाने लाकडावर डाग पडत नाही आणि रंधाही सुळसुळीत चालतो. सिलिकॉनचा स्प्रे टाळा, तो लाकडाला लागला तर पॉलिश नीट धरत नाही. खाण्याचं तेलही नको, ते पुढे चिकट होतं.

काम संपल्यावर भुसा आणि छिलके रंध्यात राहू देऊ नयेत. लाकूड हवेतली ओल ओढून लोखंडाला देतं. घामेजल्या हातांचे ठसेही पुसायचे. कपाटात पंधरा वॅटचा बल्ब लावतोय, आतली हवा थोडी उबदार राहिली की सापेक्ष आर्द्रता उतरते. बल्ब कपडा, कागद आणि लाकडापासून लांब हवा.

तळावर बारीक खड्डे उरले आहेत. ते बुजवणार नाही. पुढचं टोक, तोंडाची (पातं बाहेर येतं त्या फटीची) कड आणि मागचं टोक एका पातळीत असलं की रंधा नीट चालतो. खरी चिंता पात्याच्या पाठीची, म्हणजे सपाट बाजूची आहे. खड्डे धारेपर्यंत पोचले असतील तर ते संपेपर्यंत पातं घासून धार मागे घ्यावी लागेल. पुढचं काम तेच.