ओळंबा

गुडघा बदलायला आलेल्या पेशंटची मुलं हमखास विचारतात, "मॅडम, तुमच्याकडे रोबोट नाही. मग आईचा पाय सरळ आलाय हे टेबलावर कळतं कसं?" मी सांगते, गवंडी ओळंबा धरतो ना, तसंच.

फरक एवढाच, की गवंड्याला वरचा खिळा दिसतो, मला नाही. पायाची रेघ खुब्याच्या गोळ्यातून निघून गुडघ्याच्या आणि घोट्याच्या मध्यातून जायला हवी. गुडघा समोर उघडाच असतो, घोटा हाताशी. खुबा मात्र मांसाखाली, वर निर्जंतुक चादरींचे थर. म्हणून चादरी घालण्याआधीच एक्स-रेखाली गोळ्याची जागा बघून तिथे ईसीजीची चिकटपट्टी लावून ठेवते. तिचं बटण नंतर चादरीवरूनही बोटाला लागतं.

शिवाय मांडीचं हाड स्वतः त्या रेघेत नसतंच, साधारण पाच ते सात अंश तिरकं असतं. हाडाच्या पोकळीत घातलेल्या रॉडच्या आधाराने कापताना तेवढा कोन ठेवावा लागतो. तो ज्याचा त्याचा वेगळा, त्यामुळे उभ्याने काढलेल्या लांब एक्स-रेवर आधीच मोजलेला बरा.

दोन्ही हाडं कापून झाली की फटीत ठोकळा बसवायचा आणि त्यातून लांब रॉड सोडायचा. वरचं टोक बटणावर, खालचं घोट्याच्या मध्यावर. ट्रायलचे, म्हणजे बसवून बघायचे तात्पुरते भाग घातले की पुन्हा एकदा, या वेळी कॉटरीची, म्हणजे रक्त थांबवायला जाळायच्या उपकरणाची वायर ताणून. आमच्या सिस्टर न मागता हातात देतात.

हे सगळं उगाच नाही. एका मावशींच्या पायाला बँडेज जाड गुंडाळलं गेलं होतं आणि जिगचा, म्हणजे नडगी कापताना दिशा धरून ठेवणाऱ्या साच्याचा, घोट्याजवळचा चिमटा बाहेर सरकला. माझ्या लक्षात आलं नाही. ठोकळ्यातून रॉड सोडला तर तो घोट्याच्या मध्यापासून सेंटिमीटरभर बाहेर. नडगीच्या लांबीवर एवढं अंतर म्हणजे जवळजवळ दोन अंश, आणि तेही फेंगडेपणाच्याच बाजूला, ज्यासाठी त्या आल्या होत्या! बाहेरच्या कडेची दोनेक मिलिमीटरची चकती आणखी काढली, रॉड मध्यावर आला. सिमेंट लावल्यावर कळलं असतं तर... जाऊ दे.

बहुतेक सर्जन तीन अंशांपर्यंतचा फरक चालवून घेतात. पण रेघ जुळली म्हणजे झालं, असंही नाही. सांधा पिळलेला बसला तर वायर गप्प राहते. त्यासाठी पाय वाकवून वाटी नीट सरकते का, आत-बाहेर ढकलून सांधा कुठे उघडतो का, हे हातानेच बघायचं.

रोबोटला माझा विरोध नाही. मांडी गोल फिरवली की खुब्याचा मध्य तो गणिताने काढतो, बटण चाचपावं लागत नाही. इथे परवडला तर घेईन.

त्या मावशी दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, आता दुसरा जास्तच वाकडा दिसतोय की!"